पवनचक्क्यांचा प्रकल्प आणि आपलं गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा सोडून ठोसेघरच्या पुढे चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. तिथं पहिली यंत्रं उभी राहत होती तेव्हापासून मी या धंद्याच्या आसपास आहे, आधी जमिनीच्या कागदांच्या कामात आणि नंतर साइटवर. हल्ली बीड, धाराशिव, सांगली, धुळे अशा भागांतून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एकच उत्तर हवं असेल तर तेवढंच वाचा. दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तिथं क्रमांक दिला आहे. सही करण्याआधी मात्र वकील गाठाच, हे पान त्याची जागा घेत नाही.

१. पवनचक्क्यांचा "प्रकल्प" म्हणजे काय? डोंगरावर दहा पवनचक्क्या दिसल्या की झाला का प्रकल्प?

दिसतात त्या पवनचक्क्या. प्रकल्प त्यांच्याभोवती असतो: प्रत्येक यंत्रापर्यंतचा रस्ता, क्रेन उभी करायचा सपाट चौथरा, यंत्रांना जोडणाऱ्या ३३ केव्हीच्या (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) तारा, ती वीज गोळा करणारं उपकेंद्र आणि तिथून महापारेषणच्या (राज्याची वीज वाहून नेणारी कंपनी) किंवा केंद्राच्या मोठ्या जाळ्यापर्यंतची उच्चदाब वाहिनी. साइटवर प्रत्येक यंत्राच्या जागेला "लोकेशन" म्हणतात आणि तिला क्रमांक असतो. तुमच्या गटात नुसती तार आली तरी तुम्ही प्रकल्पात आहात (प्रश्न १२).

आकाराचा अंदाज हवा तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, सुमारे ११५० मीटर उंचीवरचा वनकुसवड्याचा प्रकल्प सुमारे २५९ मेगावॅटचा आहे (मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट). राजस्थानातल्या जैसलमेरचा हजार मेगावॅटच्या पुढे गेला आहे.

२. महाराष्ट्रात हे कधी सुरू झालं?

देशातली पहिली प्रात्यक्षिक यंत्रं १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर बसली. एकेक यंत्र ५५ किलोवॅटचं. खरी गर्दी झाली नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर: सातारा, सांगलीतलं ढालगाव, धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. नोव्हेंबर २००३ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने पहिल्या वर्षाला युनिटमागे ३.५० रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला, त्यानंतर बँका धिटाईने कर्ज देऊ लागल्या. आज राज्यात पाच हजार मेगावॅटच्या वर पवनऊर्जा आहे. देशाने २०२५ च्या मार्चअखेर ५० हजारांचा टप्पा गाठला.

३. आमच्या माळावर उभं राहवत नाही इतका वारा असतो. मग आमच्याकडे कंपनी का येत नाही?

अंगाला लागणारा वारा आणि कामाचा वारा यांत फरक आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वर्षाची सरासरी सेकंदाला ५ मीटरवरून ६ वर गेली, तर ऐकायला फरक किरकोळ, पण ताकद सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. उलटही तसंच. म्हणून "लई वारा असतो" या शब्दावर कुणी पैसे लावत नाही. आधी मोजणीचा उंच, बारीक, तारांनी ताणलेला खांब उभा राहतो, त्याला सगळे "मास्ट" म्हणतात. तो निदान वर्षभर वेगवेगळ्या उंचीवर वेग आणि दिशा नोंदवतो. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था हे काम देशभर करते, कंपन्याही स्वतःचे मास्ट लावतात.

दुसरं कारण कमी रोमँटिक आहे: वीज न्यायची कुठं? जवळ उपकेंद्र नसेल, किंवा असून त्यात जागा शिल्लक नसेल, तर चांगला वाराही डोंगरावरच राहतो. मराठवाड्यात आता जी धावपळ दिसते तिच्यामागे उंच मनोऱ्यांचं नवं तंत्र आहे. सरकारी अंदाजानुसार १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे ९८ हजार मेगावॅट भरते आणि १५० मीटरवर १७४ हजारांच्या घरात जाते. गाव तेच, वारा तोच, फक्त हात वर पोचला.

४. जुन्या पवनचक्क्या लहान आणि नव्या एवढ्या अवाढव्य का?

गुंठ्यात सांगतो. साताऱ्याच्या पठारावर त्या काळी बसलेल्या ३५० किलोवॅटच्या यंत्राचा पंखा साधारण ३३ मीटर व्यासाचा. पाती फिरताना जेवढं वर्तुळ झाडतात ते भरतं साडेआठ गुंठे. आता बसणाऱ्या ३ मेगावॅटच्या यंत्राचा व्यास १४४ मीटर असतो, त्याचं वर्तुळ चार एकरांचं. हवेतली चार एकर शेती समजा, पीक वाऱ्याचं.

उंचीचं कारण वेगळं: जमिनीलगत झाडं, घरं, चढउतार वाऱ्याला अडवतात. वर गेलं की तो मोकळा आणि एकसारखा वाहतो.

कितीही मोठं केलं तरी वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच दाखवलं की वरची मर्यादा ५९.३ टक्के. सगळीच काढली तर वारा पात्यामागे थांबेल, आणि मागचा थांबला की पुढचा येणार कुठून?

५. एक पवनचक्की वर्षाला किती कमावते? एजंट म्हणतो कंपनी कोट्यवधी छापते.

हिशोब स्वतः करता येतो. ३ मेगावॅटचं यंत्र वर्षाचे ८७६० तास पूर्ण ताकदीने चाललं असतं तर जेवढी वीज झाली असती, तिच्या ३० टक्के धरा, कारण वारा कायम नसतो. ३००० × ८७६० × ०.३० म्हणजे ७८ लाख ८४ हजार युनिट. युनिटला साडेतीन रुपये धरले तर पावणेतीन कोटींच्या आसपास. हे उत्पन्न, नफा नव्हे. त्यातून कर्जाचा हप्ता, देखभाल, विमा, वाहिनीचे आकार जातात. जुन्या ३५० किलोवॅटच्या यंत्राचं २० टक्क्यांनी गणित सव्वासहा लाख युनिटच्या आत येतं.

दर सरसकट साडेतीन धरू नका. २०१७ मध्ये केंद्राने लिलाव सुरू केले तेव्हा पहिल्याच फेरीत दर ३.४६ वर आला आणि त्याच वर्षी अडीच रुपयांच्या जवळ घसरला. भाडं ठरवताना "प्रकल्पाची वीज कुठल्या दराने विकली जाणार" हे विचारा. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच.

६. एवढा वारा सुटलाय आणि पवनचक्क्या बंद! का?

सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटर वेगाला यंत्र सुरू होतं, ११ ते १३ ला पूर्ण क्षमतेवर जातं आणि वीस-पंचवीसच्या पुढे स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. तेव्हा पाती फिरवून त्यांची कड वाऱ्याकडे केली जाते. म्हणजे वादळात बंद दिसणं हे बिघाडाचं लक्षण नाही.

बाकीची कारणं जमिनीवरची. वाहिनी पडली असेल तर यंत्र चालवून उपयोग नाही. जाळ्यातल्या विजेचा ताळमेळ ठेवणाऱ्या भार केंद्राकडून "उत्पादन कमी करा" असा निरोप आलेला असतो. आणि जुन्या यंत्रांत बरेचदा सुटा भाग मिळत नाही. बनवणारी कंपनी तरी बंद पडलेली, नाहीतर तिने तो नमुना सोडून दिलेला. पठारावर एकच पवनचक्की वर्षानुवर्षं मान टाकून उभी दिसते ती बहुधा यातली.

७. पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो हे खरं आहे का?

नाही. पण हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्यातला मी नाही. माण-खटाव, जत, कवठेमहांकाळ या भागातल्या ज्या माणसाने दोन पेरण्या वाया जाताना पाहिल्या आणि त्याच वर्षी समोरच्या डोंगरावर पाती फिरायला लागली, त्याला जोड लावावीशी वाटणारच. २००२ च्या जुलैत पावसाने देशभर दडी मारली आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे यंत्रं वाढत होती. संशय तेव्हापासूनचा.

अर्धा घोळ नावामुळेही झाला. गावात आपण तिला "फॅन" म्हणतो. फॅन म्हटलं की तो वारा सोडणार, आणि वारा सोडला की ढग हाकलले जाणार. प्रत्यक्षात उलटं आहे. घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. हा वारा खातो आणि वीज देतो. त्याच्या मागे वारा मंदावतो, काही किलोमीटरवर पुन्हा पूर्ववत होतो.

जुलैत चाळकेवाडीला या. ढग पठारावरच टेकलेले असतात, दहा पावलांवरचा मनोरा दिसत नाही, नुसता वरून पात्यांचा हुप्प-हुप्प आवाज येतो. ढग त्या पात्यांमधूनच जातात आणि पाऊस अंग झोडपतो. पाऊस देणारी बाष्पाची थर-रचना कित्येक किलोमीटर जाडीची असते, दीडशे-दोनशे मीटरवर फिरणारी पाती तिला अडवू शकत नाहीत.

माण-खटावला पाऊस कमी, कारण सह्याद्री तो आधीच उतरवून घेतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर पाचशे. दुर्गादेवीचा दुष्काळ आणि बहात्तरचा दुष्काळ, दोन्ही वेळी डोंगरावर एकही पातं नव्हतं.

८. मास्ट लागल्यापासून वीज सुरू होईपर्यंत किती वेळ जातो?

तीन-चार वर्षं धरा. मोजणीला एक-दोन, मग वीज विक्रीचा करार आणि जाळ्याला जोडणीची परवानगी, त्याच्या बरोबरीने जमीन, आणि शेवटी बांधकाम. बांधकाम सगळ्यात लवकर होतं. एक मनोरा उभा करायला काही दिवस पुरतात. पाया मात्र सवड मागतो: मोठ्या यंत्राखाली साधारण वीसेक मीटर व्यासाचा गोल, लोखंडाच्या जाळीने गच्च भरलेला, एका दमात ओतलेला काँक्रीटचा चौथरा असतो. तो भरताना रात्रभर मिक्सर चालू असतात आणि मध्ये खंड पडला तर इंजिनिअरचा चेहरा बघवत नाही.

मास्ट लागला म्हणजे प्रकल्प येणारच, असं नाही. कित्येक मास्ट दोन वर्षांनी गुपचूप उतरवले जातात.

९. पर्यावरण परवानगी लागते का? जनसुनावणी कधी होते?

जमिनीवरचे पवनऊर्जा प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत नाहीत, आणि प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गवारीत ते "पांढऱ्या", म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या, गटात मोडतात. त्यामुळे औष्णिक प्रकल्पासारखी जनसुनावणी इथे होत नाही. माझ्या मते ही सूट जास्तच सैल आहे. धूर नाही म्हणजे परिणाम नाही, असं होत नाही.

जमीन वनखात्याची असेल तर चित्र बदलतं. तिथे १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. भीमाशंकरजवळच्या वनजमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात कडक शब्दांत लिहिलं आहे. त्यांचा मोठा आक्षेप रस्त्यांवर होता: डोंगर कापून केलेले बेढब रस्ते, त्यामुळे होणारी धूप आणि दरडी. मनोऱ्याचं बूड काही गुंठे जागा घेतं, रस्ता मात्र अख्खा उतार सैल करून ठेवतो.

याखेरीज उंच मनोऱ्यांना विमानतळ प्राधिकरण आणि संरक्षण खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. रात्री डोक्यावर लुकलुकणारा लाल दिवा त्याचाच.

१०. जमीन विकावी की भाड्याने द्यावी?

एका यंत्राला चौथऱ्यासकट साधारण अडीच-तीन एकर मागतात. विकलीत तर पैसे एकरकमी आणि विषय संपला. भाडेकरारात जमीन तुमची राहते, दरवर्षी पैसे येतात, पण पुढची पंचवीस-तीस वर्षं तुम्ही आणि तुमची मुलं त्या कागदाशी बांधलेली. खडकाळ, पडीक, एकाच वारसाची जमीन असेल तर भाडं बरं. वारसांत आधीच कुरबूर असेल तर विकून वाटणी केलेली परवडते. भाडेकरारात एवढं बघाच:

भाडं किती टक्क्यांनी आणि किती वर्षांनी वाढणार. काम सुरू झालं नाही तर करार कधी आपोआप रद्द होणार; हे कलम नसेल तर तुमची जमीन वर्षानुवर्षं अडकून पडते. उरलेल्या जागेत पीक घेता येईल का. कंपनी बदलली तर काय (प्रश्न २०). आणि शेवटी जमीन कुठल्या अवस्थेत परत मिळणार (प्रश्न २१).

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृतच असावा लागतो. मी एका गावात शंभराच्या स्टँपवर केलेला "तीस वर्षांचा करार" पाहिलाय. नोटरीचा शिक्का होता, आगाऊ रक्कम दिली होती, आणि मुदत, वाढ, रद्द करणं यातलं एकही कलम नव्हतं. मालकाने तो देवघरात जपून ठेवला होता.

११. सातबारावर "भोगवटादार वर्ग २" आहे. किंवा जमीन सामाईक आहे, आदिवासी खातेदाराची आहे, देवस्थानची आहे. तरी देता येते का?

यातली प्रत्येक वेगळी अडचण आहे.

वर्ग २ म्हणजे सरकारने अटीवर दिलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी, व्यवहार नंतर. उलटं केलं तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला किंवा कंपनीला देताना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, त्यापुढच्या भाड्याला किंवा विक्रीला राज्य शासनाची पूर्वमान्यताही हवी. साक्री आणि नंदुरबारकडे हा प्रश्न सतत येतो. पाच-पाच वर्षांचे तुकडे जोडून तीस वर्षांचा करार करू, असं सुचवणाऱ्यापासून लांब राहा.

सामाईक क्षेत्रात एकाच भावाची सही घेऊन काम सुरू करायचा प्रयत्न होतो. त्याचा हिस्सा सरस-निरस वाटपाने ठरलेला नसेल तर तो "हाच कोपरा माझा" म्हणून देऊ शकत नाही. मुंबईला असलेली बहीणही वारस आहे, हे लक्षात ठेवा.

देवस्थान इनाम आणि गायरान या जमिनी गावच्या पुढाऱ्याने किंवा पुजाऱ्याने परस्पर देण्यातल्या नाहीत. तिथे सरकारी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

१२. माझ्या शेतात पवनचक्की नाही, नुसत्या तारा जाणार आहेत. मला काय मिळतं?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच.

पहिलं, तार किती दाबाची आहे ते बघा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: मनोऱ्याच्या चार पायांखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला. पण त्या ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. यंत्रांना जोडणाऱ्या तारा बहुतेक ३३ केव्हीच्या, त्या यात बसत नाहीत. शेजारच्या गावाला २२० केव्हीच्या वाहिनीचा मोबदला मिळाला आणि तुम्हाला नाही, यामागे बरेचदा हेच असतं.

दुसरं, विचारा: "तुमच्याकडे वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खालचा आदेश आहे का? प्रत द्या." हा आदेश असेल तर कंपनीला तार (टेलिग्राफ) कायद्याचे अधिकार मिळतात. मग मालकाची संमती नसली तरी वाहिनी नेता येते, हरकतीवर जिल्हा दंडाधिकारी निर्णय देतात आणि मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. असा आदेश नसेल तर तुमची संमती लागते, म्हणजे घासाघीस करायची जागा तुमच्याकडे आहे. पोलीस बंदोबस्त आणला म्हणजे आदेश आहे, असं समजू नका. कागद बघा.

तिसरं, पिकाची आणि झाडांची नुकसानभरपाई जमिनीच्या मोबदल्याहून वेगळी. पंचनामा काम सुरू होण्याआधी, फोटोसकट. डाळिंबाची बाग उपटल्यावर ती किती वर्षांची होती हे सिद्ध करणं म्हणजे डोकेदुखी.

१३. पाती न्यायला म्हणून आमचा बांध फोडला. "तात्पुरता रस्ता" म्हणतात. तात्पुरता म्हणजे किती?

करारात तारीख नसेल तर कायमचा. मोठ्या यंत्राचं एक पातं सत्तर मीटर लांब असतं, म्हणजे ट्रेलर वळवायला वळणाच्या आतली आणि बाहेरची दोन्ही शेतं लागतात. तेवढ्यापुरती वेगळी लेखी संमती, मुदत, भाडं आणि "बांध, ताली, पाट पूर्ववत करून देऊ" हे शब्द घालून घ्या. पाण्याचा निचरा कसा वळवला ते पहिल्या वळवानंतर कळतं. तोवर ठेकेदार पुढच्या लोकेशनला गेलेला असतो.

१४. घरापासून किती अंतर हवं? आवाजाने झोप लागत नाही.

केंद्राच्या २०१६ च्या सूचनांत आवाजाच्या कारणाने राहत्या घरापासून ५०० मीटर सांगितले आहेत. रस्ते, रेल्वे, सार्वजनिक इमारती यांसाठी वेगळं सूत्र: मनोऱ्याची उंची, अधिक पंख्याचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर, म्हणजे आडवा पडला तरी अंगावर येऊ नये इतकं.

आवाज दोन जातींचा. यंत्राच्या पेटीतली घरघर, आणि पात्यांच्या टोकांचा सपसप आवाज. १४४ मीटरच्या पंख्याचं टोक तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. दिवसा बाकीच्या आवाजात ते बुडतं, रात्री खाली वारा पडलेला आणि वर चालू असतो तेव्हा टोचतं. भारतातल्या ध्वनी नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोजणी अधिकृत यंत्राने, रात्री, घराच्या बाहेर करून मागा. मोबाइलच्या ॲपचा आकडा कुणी धरत नाही.

अडचणीचा भाग असा: शेतातली वस्ती, जिची ग्रामपंचायतीत नोंदच नाही, ती अंतर मोजताना "घर" म्हणून धरली जात नाही. मास्ट लागलेला दिसला की आधी घराची नोंद करून घ्या.

१५. खाली शेती करता येते का? गुरं बिचकतात का?

करता येते. चाळकेवाडीला मनोऱ्याच्या सावलीत म्हशी बसलेल्या रोज दिसतात. ऊन सरकेल तशा त्याही सरकतात. पहिल्या आठवड्यात बिचकतात, मग नाही.

१६. पक्ष्यांवर परिणाम होतो का?

होतो, आणि याचा एक चांगला अभ्यास आपल्याच चाळकेवाडीच्या पठारावर झाला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आढळले. मारणारा वर नाही म्हटल्यावर खाली सरडे वाढले, आणि नुसते वाढले नाहीत तर बदलले: अंगाने रोडावले, माणसाला जवळ येऊ देऊ लागले, नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंग फिके पडले. हा पंखागळ्याचा सरडा ज्या प्रजातीत मोडतो तिला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं "सारडा", थेट आपल्या सरड्यावरून.

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. चाळकेवाडीही तशाच जांभ्या कातळाची, पण तिचा गाजावाजा नाही. अशा सड्यावर "पडीक" असा शेरा मारताना तलाठ्याचा पेन थोडा अडखळावा, असं मला वाटतं.

१७. वीज आमच्या डोंगरावर तयार होते आणि लोडशेडिंग आम्हालाच. गावाला फुकट वीज का नाही?

कारण यंत्राची वीज गावाच्या तारेत येतच नाही. ती ३३ केव्हीने उपकेंद्रात जाते, तिथून १३२ किंवा २२० केव्हीने मोठ्या जाळ्यात. गावाला पुरवठा महावितरणच्या वेगळ्या फीडरवरून. त्यात यंत्राला स्वतःला चालायलाही जाळ्याची साथ लागते. वाहिनी गेली की तेही गप्प. आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त वीज पावसाळ्याच्या महिन्यांत होते. शेतीपंपाला पाणी हवं असतं मार्च-एप्रिलमध्ये.

हे तांत्रिक उत्तर. रागाचं कारण मला मान्य आहे, आणि त्यावर इलाज पुढच्या प्रश्नात.

१८. मग गावाला मिळतं काय? नोकऱ्या किती?

नोकऱ्यांची आशा फार धरू नका. बांधकामाच्या वर्षात डंपर, जेवणाचे डबे, खोल्या यांना भाव येतो. नंतर मोठ्या प्रकल्पालाही सुरक्षारक्षक आणि काही तंत्रज्ञ एवढेच लागतात. आयटीआय झालेल्या पोरांना तंत्रज्ञाचं प्रशिक्षण द्या, ही मागणी डांबरी रस्त्याच्या मागणीपेक्षा जास्त टिकते.

ग्रामपंचायत कर लावू शकते. तो नुसत्या बांधकामावर की यंत्रावरही, यावर वाद होत आले आहेत. ठराव घालताना पंचायतीने आपलं आकारणीचं रजिस्टर नीट ठेवलं तर निम्मा वाद मिटतो. आणि जे काही मागायचं ते ग्रामसभेत, रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी. ट्रेलर वर गेल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

१९. पूर्वी कापड गिरणीवाले, बिल्डर, सिनेमावाले पवनचक्क्या का विकत घ्यायचे?

करासाठी. यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा पहिल्याच वर्षी घसारा (झिजेपोटीचा खर्च, जो उत्पन्नातून वजा होऊन कर वाचतो) म्हणून दाखवता यायचा, एकेकाळी १०० टक्के आणि पुढे ८०. त्यामुळे वीज किती होते यापेक्षा यंत्र मार्चअखेर उभं राहिलं की नाही, याची चिंता जास्त. काही यंत्रं वाऱ्याऐवजी आर्थिक वर्ष बघून लावली गेली, ती आजही ओळखू येतात. २००९ मध्ये केंद्राने प्रत्यक्ष युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन आणलं तेव्हा हिशोब जरा सरळ झाला. २०१७ पासून घसारा ४० टक्के आहे.

२०. कंपनी विकली गेली. नवे मालक म्हणतात जुन्या कराराशी आमचा संबंध नाही. खरं का?

करार नोंदणीकृत असेल आणि त्यात "वारस, उत्तराधिकारी व हस्तांतरित" असे शब्द असतील तर तो नव्या मालकालाही बांधतो. तोंडी आश्वासनं मात्र जुन्या साहेबाबरोबर बदलीवर जातात. सातबाराच्या इतर हक्कांत नाव कुणाचं आहे ते काढा, भाडं थकल्याची नोटीस जुन्या आणि नव्या दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवा. यंत्र एकाचं, जमीन दुसऱ्याची, देखभाल तिसऱ्याकडे, असं साताऱ्यात सर्रास आहे. चुकीच्या दारात दोन वर्षं घालवू नका.

२१. यंत्राचं आयुष्य संपल्यावर पाया कोण काढणार?

आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. मनोऱ्याचं लोखंड भंगारात जातं, त्याला गिऱ्हाईक असतं. पाती काचतंतूंची, त्यांना भंगारवाला हात लावत नाही. आणि पाया कुणालाच नको असतो. करारात "जमिनीखाली अमुक फुटांपर्यंत काँक्रीट काढून वर माती भरून देऊ" असं आकड्यात लिहून घ्या आणि त्यासाठी अनामत ठेवायला लावा. "जमीन पूर्ववत करू" एवढ्याच शब्दांवर कुणीही तीन मीटर खोल काँक्रीट फोडत नाही.

२२. जुनी काढून त्याच जागी नवी मोठी यंत्रं बसवणार म्हणे. मग जुना करार चालतो का?

याला "रिपॉवरिंग" म्हणतात. केंद्राने २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ मध्ये सुधारलं. कागदावर सोपं वाटतं, कारण राज्यातला उत्तम वारा याच जुन्या यंत्रांनी अडवलाय. पठारावर गेल्यावर अडचण कळते. मोठी यंत्रं एकमेकांपासून पाच-सात व्यास लांब लागतात, म्हणजे सात-आठशे मीटर किंवा जास्त. दहा जुन्या यंत्रांच्या जागी एकदोनच बसतात, आणि त्या दहांचे मालक दहा असतात. शिवाय ठोसेघरच्या घाटातून सत्तर मीटरचं पातं वर न्यायचं आहे; सज्जनगडच्या वळणावर एसटीलाही एकदा मागे-पुढे करावं लागतं.

करार चालतो का, ते त्यातल्या शब्दांवर. "३५० किलोवॅटचं एक यंत्र" असं लिहिलं असेल तर ३ मेगावॅटसाठी नवा करार हवा, नव्या भाड्याने. "पवनऊर्जा निर्मितीसाठी" असं मोघम लिहिलं असेल तर कंपनी त्यावर बोट ठेवेल. तुमची जागा नव्या आराखड्यात येतच नसेल, तर भाडं बंद होणार आणि प्रश्न २१ उभा राहणार.

२३. गावात दोन-तीन जण "कंपनीचे माणूस" म्हणून फिरतात. सही कुणाकडे करायची?

कंपनीचं अधिकारपत्र, कंपनी नोंदणीचा क्रमांक आणि पैसे कंपनीच्या खात्यातून बँकेत. तिन्हींपैकी एक नसेल तर सही नाही. या धंद्याभोवती जमा होणारी माणसं किती पुढे जाऊ शकतात, ते डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा मुद्दा त्या तपासात पुढे आला. दमदाटी होत असेल तर एकट्याने जाऊ नका. दहा खातेदार मिळून तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.